वजन मोजता, आता दमही मोजा

प्रति,
महाराष्ट्रातल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस,

सादर नमस्कार.

जून तोंडावर आला आहे. आपल्या टेबलावर नव्या वर्षाचं वेळापत्रक येईल, कुणाला कोणते तास यावरून शिक्षकांची थोडी ओढाताण होईल आणि चार दिवसांत ते पक्कं होऊन नोटीस बोर्डावर लागेल. ते लागण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. वेळापत्रकात पीटीचे जेवढे तास छापाल तेवढे मैदानावर होऊ द्या. आणि प्रगतिपुस्तकात उंची-वजनाच्या शेजारी आणखी एक रकाना घाला: सहाशे मीटर अंतर पार करायला मुलाला किती वेळ लागला, त्याचा.

दुसरी मागणी काहींना किरकोळ वाटेल. मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. गणिताचे गुण दिसतात, म्हणून गणिताचा तास कुणी मागायला येत नाही. मुलाचा दम, म्हणजे त्याच्या हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद, कुठेच लिहिला जात नाही, म्हणून पीटीचा तास कुणीही मागतं आणि तो मिळतो.

शाळेत उंची-वजन कसं घेतलं जातं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. व्हरांड्यात काटा, भिंतीला चिकटवलेली टेप, बूट काढून उभी राहिलेली रांग. एक बाई आकडा वाचतात, मॉनिटर वहीत लिहितो. तो चार हात लांब बसलेला असतो, म्हणून आकडा मोठ्याने वाचला जातो. सातवीतली एखादी मुलगी काट्यावर चढते, 'अठ्ठावन्न' असा पुकारा होतो आणि रांगेत खसखस पिकते. ती कुणाकडेही न बघता खाली उतरते आणि बूट हातात घेऊनच वर्गात जाते. तिच्यामागे सडपातळ मुलगा. 'चौतीस.' पुढे चला. त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायचं कुणाला काही कारणच नसतं.

मग हीच दोघं मैदानावर येतात. फक्की मारून गोल आखलेला असतो, ठरलेल्या फेऱ्या झाल्या की सहाशे मीटर भरतात. पळा, दमलात तर चाला, पण थांबू नका, एवढंच सांगितलेलं असतं. अठ्ठावन्न किलोची मुलगी थोडं पळत, थोडं चालत, लालबुंद होऊन का होईना, शेवटपर्यंत जाते. चौतीस किलोचा मुलगा पहिली फेरी सुसाट काढतो आणि दुसऱ्या फेरीत गुडघ्यांवर हात टेकून वाकतो. छातीचा भाता झालेला असतो. "मॅडम, पोटात दुखतंय." बसवून पाणी दिलं तरी बराच वेळ श्वास जागेवर येत नाही. आणि वहीत मात्र ती 'जास्त वजन', तो 'नॉर्मल'. आपल्याच शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांना विचारून बघा, हे त्यांनाही दरवर्षी दिसतं.

हा माझ्या एकटीच्या निरीक्षणाचा भाग राहिला असता तर मी पत्र लिहिलं नसतं. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातल्या मुलांचं सर्वंकष पोषण सर्वेक्षण केलं आणि त्यात मुलांचं रक्तही तपासलं. ५ ते ९ वर्षांच्या मुलांत जास्त वजनाची मुलं सुमारे ४ टक्के निघाली. त्याच वयोगटात रक्तातली ट्रायग्लिसराइड्स ही चरबी वाढलेली मुलं होती ३४ टक्के. साधारण १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचलेली होती. १० ते १९ वयोगटात सुमारे ५ टक्के मुलांना उच्च रक्तदाब होता. पहिले दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवा. रक्तात चरबी वाढलेली बहुतेक मुलं काट्यावर जाड नव्हतीच. आपला व्हरांड्यातला काटा त्यांना 'नॉर्मल' म्हणून पुढे पाठवत होता.

असं का होतं याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही, पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची होती. तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, अवयव लहान, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी असलेली ही ठेवण जन्मापासूनची आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. शाळेच्या वहीत या दोघांपुढे एकच शेरा लिहिला गेला असता.

म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते दिले, त्यात जास्त वजनाची रेषा मोठेपणीच्या २३ बीएमआयशी आणि लठ्ठपणाची रेषा २७ शी जोडलेली आहे. जगभर वापरले जाणारे आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्याकडे कितीतरी शाळांत अजून कुठल्याशा वेबसाइटवरचं गणित वापरून वयाचा विचार न करता मुलांना शेरे मिळतात. निदान हे तक्ते तरी वापरा. आणि बीएमआयच्या जोडीला कमरेचा घेर घेता आला तर फारच छान. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, एवढा साधा नियम आहे. हे माप मात्र बंद खोलीत, मुलींचं बाईंनीच घ्यावं.

"मॅडम, ही दहा-बारा वर्षांची पोरं. हार्टचं काय एवढं आत्ताच?" असं मला स्टाफरूममध्ये विचारलं जातं, पालकसभेतही विचारलं जातं. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासून डॉक्टरांनी १९५३ मध्ये एक अहवाल छापला. या सैनिकांचं सरासरी वय होतं २२. लढायला पाठवलेली, धडधाकट समजली गेलेली ही पोरं, आणि त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. बाविसाव्या वर्षी खुणा दिसतात म्हणजे सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असणार. अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यात बोगालूसा नावाच्या गावात १९७३ पासून मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. अपघातासारख्या कारणांनी अकाली गेलेल्या तिथल्या मुला-तरुणांच्या धमन्या तपासल्या तेव्हा ज्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल लहानपणी जास्त नोंदवलेलं होतं, त्यांच्या धमन्यांत चरबीचे पट्टेही जास्त आढळले. पन्नाशीत येणाऱ्या झटक्याची तयारी शाळेच्या वयात सुरू झालेली असते. त्या वयात मूल दिवसाचे सहा-सात तास आपल्या ताब्यात असतं.

आता पळण्याने नेमकं काय होतं? रोज दम लागेपर्यंत हालचाल करणाऱ्या मुलाचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं. मग तेवढंच काम कमी ठोक्यांत होतं, बसल्याजागी नाडी हळूहळू खाली येते. रक्त जोरात वाहिलं की धमन्यांचं आतलं अस्तर लवचिक राहतं. पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवर फार भार न टाकता ओढून घेतात आणि जेवणानंतर रक्तात आलेली चरबीही जाळतात. आणि यातला बराचसा फायदा काट्यावरचा आकडा तसूभरही हलला नाही तरी होतो. पालकांना हेच सांगावं लागतं. तीन महिने रोज खेळलेल्या मुलाचं वजन उतरलं नाही की आई म्हणते, काही उपयोग नाही बघा. अहो, तो सहाशे मीटर न थांबता जायला लागलाय, तो उपयोग. वाढत्या वयात वजन उतरवण्यापेक्षा ते स्थिर ठेवून उंची वाढू देणं पुष्कळदा पुरतं. सातवीतल्या मुलीला उपाशी ठेवायची तर काहीच गरज नाही.

वजनाला काही अर्थच नाही, असं मात्र मी म्हणत नाही आणि कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी अठराव्या वर्षी तपासलेल्या सुमारे साडेसात लाख तरुणांचा पुढे कित्येक वर्षं माग ठेवला गेला. ज्यांचा दम सगळ्यात कमी होता त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका दमदार तरुणांच्या साधारण दुप्पट निघाला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की चांगला दम असला तरी लठ्ठपणाचा धोका पुरता पुसला जात नाही. म्हणून माझी विनंती रकाना बदलण्याची नाही, रकाना वाढवण्याची आहे.

आपल्या राज्यात तर वजनाच्या दुसऱ्या टोकाचाही विचार करावा लागतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची होती. देशात त्याच वयाची जास्त वजनाची मुलं आधीच्या सर्वेक्षणात २.१ टक्के होती, ती ३.४ झाली. एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर ही दोन्ही मुलं बसतात. आणि सहाशे मीटर दोघांबद्दलही काहीतरी सांगतं. मी वर ज्या पोषण सर्वेक्षणाचा उल्लेख केला त्यात किशोरवयीन मुलींपैकी ४० टक्के मुलींत रक्त कमी होतं, मुलांत १८ टक्के. जिची पापणी आतून पांढुरकी आहे ती मुलगी चौथ्या मजल्यावरच्या वर्गात रोज जिना चढून जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मैदानावर दुसऱ्या फेरीत लक्षात येतं. दर आठवड्याला वाटायची निळी लोहगोळी तिने खाल्ली का डब्याच्या कप्प्यात ठेवली, हे विचारायची तीच वेळ असते.

आता पीटीच्या तासाबद्दल. हे थोडं लांबेल, पण ऐकून घ्या.

जून-जुलैत पावसामुळे तास वर्गातच होतो. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाची कवायत बसवायची असते, तीत ठरावीक मुलं असतात, बाकीची वर्गात. सप्टेंबरमध्ये घटक चाचणी, मग सहामाही. दिवाळीनंतर दहावीचा पोर्शन संपवायचा म्हणून दहावीचा तास पहिला जातो, मग नववीचा. डिसेंबरात क्रीडा महोत्सव आणि स्नेहसंमेलन, मैदानावर मांडव. जानेवारीपासून सराव परीक्षा. वेळापत्रकात आठवड्याला दोन तास छापलेल्या वर्गाला वर्षभरात खरोखर किती तास मैदान मिळालं, ते हजेरीवहीत वेगळ्या शाईने एकदा मांडून बघा. मला आरोप करायचा नाहीये. विज्ञानाच्या सरांवर निकालाचा दबाव असतो, ते मला ठाऊक आहे, आणि "मॅडम, आजचा तास द्या ना" म्हणताना त्यांनाही बरं वाटत नसतं. हा दबाव आपण वरून काढू शकता, त्यांच्या आणि माझ्या हातात ते नाही.

निकालाचीच भीती असेल तर कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला त्र्वा-रिव्हिएर गावचा प्रयोग सांगते. १९७० च्या दशकात तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना अभ्यासाच्या तासांतून वेळ काढून रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं गेलं, तेही सहा वर्षं. अभ्यासाला वेळ कमी मिळूनही त्यांचे गुण घसरले नाहीत, उलट काही इयत्तांत थोडे वरच राहिले.

तास मिळाला तरी प्रश्न संपत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच-सात मिनिटं जिना उतरण्यात, तेवढीच परत वर्गात जाण्यात. हजेरी, दक्ष-विश्राम, रांगा. मग साठ पोरं आणि दोन चेंडू. मुलाच्या वाट्याला खरी धावपळ किती येते? खो-खो हा आपला खेळ, माझा जीव की प्राण. पण त्यात पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण पाटीवर बसलेले असतात हे विसरून चालणार नाही. म्हणून मी मोठं मैदान आखायच्या ऐवजी खांबांमधलं अंतर कमी करून चार छोटी मैदानं आखते, प्रत्येक पाटीवर चारच मुलं बसवते. लंगडी, साखळी, छोट्या-छोट्या गटांची रिले, आट्यापाट्या, यांत कुणी बसून राहत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. खेळताना मुलाला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, म्हणजे हृदयाला काम मिळालं. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे आणखी चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी २०२० मध्ये सांगितलेलं माप आहे रोज सरासरी साठ मिनिटं अशी हालचाल, आणि आठवड्यातले निदान तीन दिवस जोरदार. शाळेचे आठवड्यातले दोन तास त्याला पुरणारच नाहीत. पण जी मुलं व्हॅनने येतात, व्हॅनने जातात, तिथून क्लासला आणि क्लासहून घरी, त्यांच्यासाठी हे दोन तास म्हणजेच सगळं.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पुढे पाठवले, मीही पाठवले. पण शाळेला खेळ म्हटलं की संघ, चषक आणि दहावीचे सवलतीचे क्रीडागुण एवढंच आठवतं. संघात दहा-बारा मुलं असतात. त्यांचं हृदय ठीकच आहे. माझी काळजी मैदानाच्या कडेला दप्तरं सांभाळत बसणाऱ्या मुलांची आहे, आणि ती संख्या कायम मोठी असते.

त्यातही मुली. सहावीपर्यंत मुलांच्या बरोबरीने पळणाऱ्या मुली आठवीत झाडाखाली बसायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत ११ ते १७ वयाच्या जगभरातल्या मुलांपैकी ८१ टक्के मुलांची हालचाल पुरेशी नाही. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५. आपल्याकडची कारणं मुली मोकळेपणी सांगतात, विचारणारं कुणी हवं. पीटीच्या दिवशीही स्कर्ट घालूनच यावं लागतं. ओढणी सांभाळत पळता येत नाही. पाळी आहे आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही. वरच्या वर्गांतली मुलं कठड्यावर उभी राहून बघतात. घरी सांगितलंय, उन्हात जाऊ नको. यातलं शेवटचं कारण सोडलं तर बाकी सगळी आपल्या अधिकारात येतात. आठवड्याचे सहाही दिवस मुलींना ट्रॅक पँट किंवा सलवार घालून यायची परवानगी द्या, कडी बसवा, त्या तासाला कठड्यावर एका शिक्षकाला उभं करा. खर्च फारसा नाही. पाळीच्या दिवसांत ज्या मुलीला त्रास होतो तिने बसावं, पण बसलंच पाहिजे असा नियम नसावा.

आणखी एक गोष्ट, कृपा करून थांबवा. "गृहपाठ केला नाही? मैदानाला पाच फेऱ्या मार." ही शिक्षा आजही दिली जाते. त्याच्या उलटी शिक्षाही आहे, "वर्गात गडबड केली, आज पीटी बंद." एकीत पळणं ही सजा होते, दुसरीत खेळणं ही मेहेरबानी. जाड मुलाला फेऱ्या मारायला लावून वर्ग खिडकीतून बघत राहतो, तेव्हा तो मुलगा पुढे कधीही आपणहून पळायला बाहेर पडणार नाही. मी अशा मुलांना परत मैदानावर आणायचा प्रयत्न करत असते. त्यात महिने जातात, आणि प्रत्येक वेळी यश येतंच असं नाही.

"आमच्याकडे ग्राउंडच नाही" ही अडचण शहरांत खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे. पण तीन मजली इमारतीत, खाली दुकानं असलेल्या शाळेला मी ते ऐकवून काय होणार. जिथे मैदान आहे तिथे निदान त्यावर पेव्हर ब्लॉक टाकू नका आणि शाळेच्या वेळात ते गाड्या लावायला देऊ नका. जिथे नाही, तिथेही वीस मीटर लांबीची सरळ जागा मिळते. मॉन्ट्रियलच्या ल्यूक लेजे यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या शटल चाचणीला तेवढीच जागा लागते. दोन रेषा, बीपचा आवाज, पुढच्या बीपच्या आत पलीकडची रेषा गाठायची, आणि दर मिनिटाला वेग थोडा वाढत जातो. मोबाइल आणि एक स्पीकर असला की झालं.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत सुरू केलेला उपक्रम मला आपल्यासाठी सगळ्यात जवळचा वाटतो. रोज पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाने बाहेर पडायचं आणि आपापल्या गतीने पळायचं किंवा चालायचं. गणवेश बदलायचा नाही, स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नाही, साहित्य नाही. वर्गशिक्षक बरोबर. पुढे तिथल्याच मुलांची शटल चाचणी घेतली तेव्हा त्यांचा दम वाढलेला दिसला. हे त्यांनी कुणाच्या आदेशाची वाट न बघता, मुख्याध्यापक म्हणून आपल्या अधिकारात केलं. आपल्याकडे परिपाठ रोज होतोच. त्याला जोडून पंधरा मिनिटं काढता येतील का, याचा विचार व्हावा. उन्हाळ्यात सकाळीच, पावसात मोठ्या व्हरांड्यात किंवा वर्गात सूर्यनमस्कार आणि जागच्या जागी पळणं. जिथे पूर्णवेळ पीटी शिक्षक नाही, आणि अशा शाळा पुष्कळ आहेत, तिथेही हे होऊ शकतं.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहिते. शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. फाटकाबाहेर उभं राहून एकदा नजर टाका. झोपेचंही तेच. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास तरी झोप हवी. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो पाळला जावा.

आता त्या रकान्याबद्दल. केंद्राच्या खेलो इंडिया उपक्रमातल्या शालेय चाचण्यांत चौथीपासून पुढच्या मुलांसाठी बीएमआयच्या बरोबर ५० मीटर धावणं, ६०० मीटर पळणं-चालणं, बसून पुढे वाकणं, पाठीवर झोपून अर्धं उठायचा पोटाचा व्यायाम आणि जोर हे सगळं आधीच आहे. नवीन काही शोधायचं नाही. ते पोर्टल भरण्यापुरतं न राहता खरोखर व्हावं आणि मुलाच्या, पालकांच्या हातात यावं. स्लोव्हेनियासारखा छोटा देश १९८७ पासून दर एप्रिलमध्ये शाळेतल्या मुलांच्या अशा चाचण्या घेतो, म्हणून मुलांचा दम कुठल्या वर्षी घसरला आणि कधी सावरला ते त्यांना सांगता येतं. आपल्याला येत नाही. वेळ लिहा, पण क्रमांक देऊ नका. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी. वजन मोठ्याने पुकारू नका, चिठ्ठीवर लिहा आणि वही मिटून ठेवा.

एक काळजी घ्या. पळताना छातीत दुखलं, भोवळ येऊन पडलं, ओठ निळसर झाले, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्या मुलाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पळवायचं नाही. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी सांधे सुजले, ताप आला, तर ते संधिवाताच्या तापाचं लक्षण असू शकतं आणि तो हृदयाच्या झडपा खराब करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं त्या दिवशी ही मुलं हमखास हजर राहतील असं पाहा आणि पथकाला आपली सहाशे मीटरची वही दाखवा. कुठल्या मुलाला आधी बघायचं हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळेल. दम्याची मुलं खेळू शकतात, पंप जवळ असावा. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलांनाही कायमचं बसवून ठेवू नका. किती खेळायचं ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पहिली चाचणी जुलैत पाऊस उघडेल त्या आठवड्यात घ्यावी आणि दुसरी फेब्रुवारीत, परीक्षांच्या आधी. ज्या शाळेत पीटीचे शिक्षक नाहीत आणि चाचणी कशी घ्यायची ते वर्गशिक्षकांना दाखवायला हवं आहे, तिथे मी आणि माझे काही सहकारी शनिवारी दुपारी यायला तयार आहोत. शिट्टी आणि स्टॉपवॉच आम्ही आणतो. मोजायची टेप, पोतंभर फक्की आणि मुलांसाठी पिण्याचं पाणी तेवढं तयार ठेवा.

आपली नम्र,
शारीरिक शिक्षण विषयाची एक शिक्षिका